वहीतली तिची ओळ

आमच्या घरात हिशेबाची एक वही असते. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून मी ती लिहिते आहे. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, आणि खर्चाचा क्रम ठरलेला: घरभाडं, वीज, शाळेची फी, किराणा, औषधं, प्रवास, आणि सगळ्यात खाली ‘इतर’. महिना जड गेला की कात्री आधी ‘इतर’ला लागते. ठकी वहीत पहिल्यांदा आली ती तिथेच, ‘मांजर’ एवढ्या एका शब्दाने. तेव्हा तिला नाव नव्हतं, आणि ती आमची आहे असं आमच्यापैकी कुणी म्हटलंही नव्हतं.

वरच्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून गेलं. टेम्पो भरला, पलंग गेला, कपाट गेलं, कुंड्यासुद्धा गेल्या. मांजर राहिलं. मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही, असं ते जाताना म्हणाले. सगळेच असं म्हणतात, आणि जाणाऱ्याला त्यात फार सोय असते. ते मांजर पुढचे चार दिवस कुलूप घातलेल्या दारापुढे बसून होतं. ज्याला ते धरून असतं म्हणे, ते घर तर तिथेच होतं. पण जिन्यात पाऊल वाजलं की ते मान वळवायचं, बघायचं, आणि माणूस ओळखीचा नाही म्हटल्यावर पुन्हा दाराकडे तोंड करून बसायचं. पाचव्या दिवशी माझी मुलगी, तेव्हा ती आठ वर्षांची होती, तिला उचलून खाली घेऊन आली. मी नको म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही.

नवऱ्याची नोकरी जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

मी घरी बसून मुद्रितशोधनाची कामं करते. पानागणिक पैसे मिळतात, आणि पानं कधी येतात, कधी येत नाहीत. त्या वर्षी घर माझ्या या कामावरच चाललं होतं आणि ते पुरत नव्हतं. एका जवळच्या नातेवाइकाकडून आम्ही उसने पैसे घेतले होते. ते एकदा घरी आले, तेव्हा ठकी खिडकीत पोट वर करून झोपली होती. तिच्याकडे बघून ते शांतपणे म्हणाले, “स्वतःचं भागत नाही, मग हे कशाला?”

मी काही बोलले नाही. ज्याचे पैसे घेतलेत त्याला उलट काय बोलणार? आणि त्यांचा प्रश्न चुकीचा होता असंही नाही. वही माझ्याच हातात होती, त्यांच्यापेक्षा तो प्रश्न मला जास्त कळत होता. पण त्याला उत्तर आहे हेही मला तेव्हाच जाणवत होतं. ते शब्दांत यायला बरीच वर्षं लागली.

लोक देतात ती उत्तरं मला पुरी पडत नाहीत. प्राणी असला की ताण कमी होतो, मन रमतं, एकटं वाटत नाही. यात खोटं काही नाही. मांजर मांडीवर येऊन घुरघुरायला लागलं की आपला श्वास आपोआप लांबतो, हे मी रोज अनुभवते. पण ताण घालवणाऱ्या फुकटच्या गोष्टी पुष्कळ आहेत. चालायला जावं, झाडाखाली बसावं, झोपावं. नेमकी जिच्यासाठी दर महिन्याला पैसे काढून ठेवावे लागतात अशीच गोष्ट आम्ही का धरून ठेवली, हे त्यातून कळत नाही.

आता त्या वर्षातल्या घराबद्दल थोडं.

नोकरी गेलेल्या माणसाचं घड्याळ आधी जातं, उमेद नंतर. माझा नवरा पहिले काही आठवडे वेळेवर उठून, दाढी करून, अर्ज लिहायला बसायचा. मग उठायची वेळ हळूहळू पुढे सरकत गेली. मग दाढी राहिली. दुपारभर तो खुर्चीत बसलेला असायचा आणि संध्याकाळी विचारलं की आज काय केलंस, तर त्याला खरंच सांगता येत नसे. मी चिडायचे. त्याला आठवायचंच नाही असं मला वाटे.

योगायोग असा की त्याच हिवाळ्यात माझ्याकडे बेकारीवरचा एक प्रबंध तपासायला आला. त्यात ऑस्ट्रियातल्या मारीएनथाल या गावावर एक प्रकरण होतं. व्हिएन्नाजवळचं हे छोटं गाव, सगळं गाव एका कापड गिरणीवर जगणारं. १९३०च्या सुमाराला गिरणी बंद पडली आणि जवळजवळ प्रत्येक घर बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझल या तरुण संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचं जगणं नोंदवलं आणि १९३३ साली ते प्रसिद्ध केलं. त्यांनी गावच्या रस्त्यावर लोकांच्या चालण्याचा वेग मोजला होता. पुरुष हळू चालत, मध्ये मध्ये थांबत. बायकांचं चालणं त्या मानाने भरभर, कारण स्वयंपाक आणि पोरं यांच्यामुळे त्यांचा दिवस अजून बांधलेला होता. दिवसभर काय केलं हे पुरुषांना सांगता येत नसे. ते वाचत असताना माझा नवरा पलीकडे खुर्चीत बसला होता. लाल पेन खाली ठेवून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून मी तो प्रश्न विचारायचा सोडला.

ठकी मात्र विचारायची. सकाळी ६ वाजता त्याच्या उशाशी येऊन, पंजाची नखं आत ओढून, गालावर थोपटायची. मला नाही, त्यालाच. मी रात्री उशिरापर्यंत काम करून मेल्यासारखी झोपलेली असते हे तिने आठवड्याभरात ओळखलं होतं. तो उठायचा, तिला खायला घालायचा, पाणी बदलायचा, मातीचं घमेलं साफ करायचा. वाळू विकत आणणं परवडत नव्हतं, म्हणून माझ्या तपासून झालेल्या प्रुफांच्या पट्ट्या कापून त्यात घालायचा. तेवढं होईपर्यंत साडेसहा वाजलेले असत, आणि एकदा उठलेला माणूस मग दाढी करायचा. तो तिच्याशी बोलायचाही. आमच्याशी बोलताना प्रत्येक वाक्याच्या टोकाला पैसा येऊन बसत असे. तिच्याशी बोलताना येत नसे.

त्याच प्रकरणात आणखी दोन गोष्टी होत्या, त्या मला आजही सोडत नाहीत. एक अशी, की मारीएनथालमध्ये कुणाचं कुत्रं किंवा मांजर नाहीसं झालं तर मालक तक्रार करत नसत. कुणीतरी ते खाल्लं असणार हे त्यांना कळत असे, आणि कुणी खाल्लं हे जाणून घ्यायची त्यांची इच्छा नसे. दुसरी अशी, की प्रत्येक बटाटा मोलाचा असताना काही घरांनी आपल्या जमिनीच्या तुकड्यात भाजीऐवजी फुलं लावली होती. एकाच गावात, एकाच काळात या दोन्ही गोष्टी घडत होत्या. पहिल्या गोष्टीने मला गप्प केलं. खरी उपासमार आली की मांजर जातं, आणि त्याबद्दल पोटभर जेवलेल्या कुणी शहाणपण सांगू नये. आमची तंगी होती, उपासमार नव्हती. हा फरक मी विसरू इच्छित नाही. पण दुसरी गोष्ट वाचल्यावर वाटलं, आपल्याला वेड लागलेलं नाही. हिशेब चुकतोय हे त्या लोकांना दिसत नव्हतं असं थोडंच आहे? वाफा खणताना हातात बी कसलं आहे ते माणसाला पक्कं ठाऊक असतं.

आता उत्तराकडे येते.

पैसा नसला की माणूस घेणारा होतो. त्या वर्षी आम्ही सतत घेत होतो. उसने पैसे, मुदतवाढ, शाळेकडून सवलत, थोरल्या जावेच्या मुलीचे कपडे, ओळखीतल्यांचे सल्ले. देणाऱ्यांचं मन चांगलं होतं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. पण वर्षभर हात पसरलेला ठेवला की हाताला तीच सवय लागते. कुणाच्या दारात उभं राहताना खांदे आपोआप खाली येतात. बोलण्यात ‘जरा’, ‘जमलं तर’, ‘तुमची अडचण नसेल तर’ असे शब्द वाढतात. माझ्या मुलीच्या बोलण्यातही ते येऊ लागले होते. वर्गात कुणाची पेन्सिल मागताना ती “चालेल का, नको असेल तर राहू दे” म्हणायची. आठ वर्षांची पोर.

त्या घरात एकच जीव असा होता, ज्याच्यासमोर आम्ही देणारे होतो. ठकीला आमची परिस्थिती माहीत नव्हती. दाराशी ती ज्या विश्वासाने ताटलीपुढे येऊन बसायची, तो विश्वास श्रीमंताघरच्या मांजराच्या विश्वासापेक्षा तसूभरही कमी नव्हता. तिच्या दृष्टीने आम्ही पुरे होतो. माझी मुलगी तिची वाटी घासून, पुसून, पाणी भरून ठेवायची, आणि ठेवताना तिच्या तोंडी ‘जमलं तर’ नसायचं. “ये, पी,” असं ती म्हणायची. आवाज मोठ्या माणसाचा. मला आठवतं, पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि माझ्या हातातलं काम थांबलं होतं.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. तंगीत खाणं-कपडे सगळं मोजून घेता येतं. पण कुणालातरी काहीतरी देता येणं हे पूर्णच बंद झालं, तर माणूस आतून कुठेतरी आकसतो, आणि पैसा परत आला तरी तो आकसलेपणा लगेच जात नाही. लेस्ली अर्व्हाइन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी रस्त्यावर राहणाऱ्या आणि तरीही कुत्रं किंवा मांजर सांभाळणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आहेत. येणारे-जाणारे त्यांना सुनावतात, स्वतःला घर नाही आणि जनावर कशाला. आमच्या नातेवाइकांचाच प्रश्न, दुसऱ्या भाषेत. त्या माणसांचं उत्तर साधं होतं: आधी जनावर खातं, मग मी. ज्याच्याकडे काही नाही त्याला ‘आधी तू’ म्हणता येतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याने कधी मागितलंच नाही त्याला सांगून कळणार नाही.

पण प्रेमाच्या नावाखाली मी एक मोठी चूक केली आहे, ती इथे लिहिली नाही तर हे सगळं अर्धवट राहील.

ठकीची नसबंदी करायची राहिली होती. ती घराबाहेर जात नाही, बोका घरात येत नाही, मग घाई काय, असं मी मनाशी म्हटलं आणि ती रक्कम महिन्यामागून महिना पुढे ढकलली. ती माजावर आली की रात्र रात्र ओरडायची, आम्ही सहन करायचो. एका खेपेनंतर काही आठवड्यांनी ती सुस्त झाली. खाणं सोडलं, पाणी मात्र खूप प्यायला लागली. मला वाटलं उकाडा आहे. मी दोन दिवस थांबले. तपासणीचे पैसे वाचतील म्हणून थांबले, हे कबूल केलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी तिचं पोट फुगलेलं दिसलं. डॉक्टरांनी हात लावूनच ओळखलं. गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न झालेल्या मादीमध्ये माजानंतर हे होऊ शकतं, आणि तोंड बंद राहून पू आतच साठला तर तो फुटून जीव जातो. इलाज एकच, गर्भाशय काढून टाकणं. म्हणजे जे ऑपरेशन धडधाकट असताना तासाभरात झालं असतं, तेच आता तापाने फणफणलेल्या, सुकलेल्या जनावरावर रात्री करायचं. खर्च कितीतरी पट. आणि जगेल याची खात्री नाही.

मी त्या रात्री ज्यांचं काम करत होते त्या प्रकाशकांना फोन केला आणि पुढच्या दोन कामांची उचल मागितली. त्या वर्षभरात मी अनेकदा पैसे मागितले होते आणि प्रत्येक वेळी माझा आवाज चिरकला होता. त्या रात्री तो सरळ आला. ‘जरा’ नाही, ‘जमलं तर’ नाही. “माझं मांजर आजारी आहे, मला आत्ता पैसे हवे आहेत, मी काम करून फेडीन.” फोन ठेवल्यावर नवरा माझ्याकडे बघत होता. त्यालाही ते ऐकू आलं होतं. उरलेली रक्कम डॉक्टरांनी हप्त्याने घेतली.

ती जगली. पोटावरचे केस परत यायला वेळ लागला, आणि तोवर तिला तशी बघताना दर वेळी माझ्या पोटात कालवायचं.

म्हणून कुणी मला विचारलं की कमी पैशात प्राणी पाळावा का, तर मी हो म्हणते, पण त्या होच्या मागे अटी आहेत आणि त्या मी सोडत नाही. लस आणि नसबंदी या दोन गोष्टींत कात्री चालवायची नाही. रेबीजची लस चुकवणं म्हणजे घरातल्या पोराबाळांचा जीव डावाला लावणं. जंताचं औषध वेळेवर. घरच्या औषधांचे प्रयोग अजिबात नाहीत. तापाला आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे, तिच्या यकृताला ती निस्तरता येत नाही आणि एका गोळीने जीव जाऊ शकतो. कांदा-लसूण घातलेलं उरलंसुरलं घालायचं नाही, त्याने रक्त बिघडतं. मोठ्या मांजरांना बहुतेक करून दूधही पचत नाही, त्यामुळे तो खर्च तर सुखाने वाचवावा. गादी, पट्टा, खेळणी, शोभेच्या वाट्या यांतलं काहीही विकत घेतलं नाही तरी चालतं. ठकीला रद्दीतल्या कागदाच्या बोळ्यापेक्षा जास्त आवडलेलं खेळणं अजून निघालेलं नाही. आणि दर महिन्याला, कितीही थोडी असो, एक रक्कम तिच्या आजारपणासाठी वेगळी ठेवायची. ज्या महिन्यात ती ठेवता येणार नाही असे महिने ओळीने येणार असतील, तर नवा जीव घरी आणू नये. दाराशी येणाऱ्याला पाणी ठेवावं, गल्लीतल्या कुत्र्याच्या लशीचा खर्च चौघांनी मिळून करावा. तेही देणंच आहे.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई, आणि त्यांच्यासोबत कुत्र्याची हाडं. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. त्या कुत्र्याच्या दातांचा २०१८ साली नव्याने अभ्यास झाला. ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं. दातांवरच्या खुणांवरून अभ्यासकांचं म्हणणं असं, की त्याला बहुधा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांना होणारा एक जीवघेणा विषाणूजन्य रोग, झाला होता, आणि तो रोग पुन्हा पुन्हा उलटत असतानाही ते काही आठवडे जगलं होतं. कुणी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, उलटी-जुलाब साफ केल्याशिवाय असं पिल्लू इतकं टिकत नाही. शिकारीला ते निरुपयोगी, राखणीला निरुपयोगी. आणि ती माणसं शिकारीवर, गोळा केलेल्यावर जगणारी. त्यांच्याकडे साठवलेलं धान्य नव्हतं, कुणाकडून उचल घेता येत नव्हती.

हे मी वाचलं तेव्हा मला ती बाई दिसली. तिला कुणीतरी विचारलं असेल, आपलंच भागत नाही, मग हे कशाला? माझ्यासारखंच तिलाही कदाचित उत्तर सुचलं नसेल. ती उठून पिल्लाकडे गेली असेल, बस.

नवऱ्याला पुढे काम मिळालं. आधीपेक्षा कमी पगाराचं, पण मिळालं. उसने पैसे फिटायला तीन वर्षं लागली. ते नातेवाईक पुढे आले की ठकी त्यांच्या चपलांवर जाऊन झोपते आणि निघायच्या वेळी ते तिला उठवत नाहीत, ती उठेपर्यंत बसून राहतात. त्या दिवशीच्या प्रश्नाबद्दल आम्ही कधी बोललो नाही, आणि मला बोलायचंही नाही.

वहीतली तिची जागा कधी बदलली ते मी पाहिलं नाही. एका महिन्याचं पान उलटलं तर नवऱ्याच्या अक्षरात ओळी आखलेल्या होत्या, मला वेळ नव्हता म्हणून त्याने आखून ठेवल्या होत्या. घरभाडं, वीज, शाळेची फी, ठकी, किराणा. ‘इतर’ तळाशी होतं तिथेच होतं, रिकामं. मी काही विचारलं नाही. तेव्हापासून मीही त्याच क्रमाने लिहिते.

आता ती म्हातारी झाली आहे. म्हाताऱ्या मांजरांचे मूत्रपिंड थकतात, तिचेही थकायला लागले आहेत. घरात चार ठिकाणी पाण्याच्या वाट्या आहेत, कारण तिने पाणी प्यायला हवं आणि उठून लांब जायचा तिला कंटाळा येतो. मुलगी कॉलेजात जाते. निघताना चारही वाट्यांतलं पाणी बदलून जाते. डॉक्टरांनी दर महिन्याला वजन बघायला सांगितलं आहे. त्यासाठी दवाखान्यात जायला नको म्हणून मी घरातल्या काट्यावर आधी एकटी उभी राहते, मग तिला उराशी धरून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ठकी. तो मी वहीत तिच्या ओळीतच, रकमेच्या शेजारी लिहिते. तीन महिने आकडा उतरत होता, गेल्या महिन्यात ३.४ किलो होता.

आज सकाळी ३.५ भरली. मी काट्यावरून उतरले आणि पुन्हा चढले. पुन्हा ३.५.